किल्ल्याच्या पटावरचं नाव

सुरुवातीलाच माफी मागते. माझं अक्षर वाकडंतिकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ माझ्या हातून नेहमी चुकतं. शाळा चौथीपर्यंत झाली. त्यात केमोच्या औषधानं बोटांची टोकं बधिर झालीत, पेन धरलंय की नाही ते बघूनच कळतं. श्रूजबरीहून तुम्ही फोन केलात, माझ्या जाऊबाईंकडून नंबर घेऊन. "कमलताई, मलाही तेच झालंय, तुम्ही कसं सोसलंत?" असं विचारलंत. मी नुसतं "बरं, बरं" म्हणाले आणि फोन ठेवला. तुम्हाला वाटलं असेल, काय बाई आहे. मला फोनवर बोलता येत नाही. समोरासमोरही फारसं येत नाही. म्हणून लिहिते. एकटीनं वाचा आणि कुणाला दाखवू नका.

औषधांचं तुम्हाला डॉक्टर सांगतील. मी दुसरं सांगणार आहे. या आजारात माणूस घाबरतं, हे सगळेच सांगतात. जळतं, हे कुणी सांगत नाही. मी फार जळले. कुणावर, ते पुढे येईलच.

*

आम्ही पश्चिम टेक्सासात राहतो. चारी बाजूंना पिवळं गवत आणि वारा. हायवेला एक मोटेल आहे. आमचे हे तिथले मॅनेजर, आणि खोल्यांच्या चादरी-टॉवेल धुणं माझ्याकडे. ऑफिसमागच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं, हे, मी आणि आमची रेवती. मोठ्या भाऊजींनी भावाच्या नात्यानं कागद भरले होते, त्यावर आम्ही इतक्या वर्षांनी आलो. भाऊजी शुगर लँडला तेलाच्या कंपनीत इंजिनीअर आहेत. तिथून इथं यायला दिवस जातो.

मोटेलच्या समोर, रस्त्यापलीकडे, किल्ला आहे. दीडशे वर्षांपूर्वी पश्चिमेकडे जाणाऱ्या गोऱ्या लोकांच्या घोडागाड्या सांभाळायला सैन्यानं बांधलेला. पहिल्या दिवशी यांनी पाटी वाचली आणि खूश झाले. "किल्ला आहे समोर! चांगला शकुन आहे." फाटकाशी गेले, चपला काढल्या, माती उचलून कपाळाला लावली. आत काम करणारी एक वयस्कर काळी बाई बघत होती. लोरेटा तिचं नाव. तिनं विचारलं, हे काय केलं? यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं, आमच्याकडे किल्ल्याला नमस्कार करतात. ती म्हणाली, "पण हा कुणाविरुद्ध बांधला ते माहीत आहे? ज्यांची जमीन होती, त्यांच्याविरुद्ध." हे माती झटकत परत आले. चपला तिथंच विसरले.

मला तर तो किल्लाच वाटला नाही. तट नाही, बुरूज नाही, दरवाजा नाही. मोकळं मैदान, मधे झेंड्याचा खांब, एका बाजूला अधिकाऱ्यांची व्हरांड्याची घरं, समोर शिपायांच्या लांब बराकी, मागं दवाखाना. चार वर्षं मी तो खिडकीतून बघितला. आत गेले नाही. तिकीट मागतील, काही विचारतील, या भीतीनं.

*

गाठ मला आंघोळीत लागली होती. मी तीन महिने लपवली. यांनासुद्धा सांगितलं नाही. असल्या जागेचं काय बोलायचं? तुम्ही तसं केलं नसेल तर बरं. केलं असेल तर आता स्वतःला बोल लावत बसू नका, मी फार लावला, काही उपयोग होत नाही.

तपासणीच्या निकालाच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी टेबलावर फोन ठेवला. दुभाषी फोनवर असते. मराठी मिळाली नाही म्हणून हिंदी. ती कुठल्या गावात बसली होती देव जाणे, तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली. डॉक्टरीण बोलली, बराच वेळ बोलली. मग फोन गप्प. मग ती बाई म्हणाली, "बहनजी, आपके साथ कोई बैठा है क्या?" तेव्हाच मला कळलं. पुढचं तिनं सांगितलं ते मी ऐकलंच नाही. हे भिंतीवरच्या हात धुण्याच्या चित्राकडे बघत होते. गाडीत बसल्यावर म्हणाले, "कुकरला तीन शिट्ट्या झाल्या नाही?" मी म्हटलं, "एकच झाली." मग दोघं रडलो.

*

चार दिवसांनी नीलिमाताई राहायला आल्या. माझ्या मोठ्या जाऊबाई. एमएस्सी झालेल्या, स्वतः ड्राइव्ह करतात, सगळ्यांशी हसून बोलतात. दिवसभर गाडी चालवून आल्या तरी साडीची घडी मोडली नव्हती. मोटेलचा इन्शुरन्स म्हणजे नुसतं नाव, बिलं येऊन पडली होती. ताईंनी ती पर्समध्ये टाकली. "पैशाचं तू बघू नकोस गं कमल. आम्ही आहोत ना." भल्या बाईनं भलं केलं, आणि माझ्या पोटात त्याच दिवशी पहिली ठिणगी पडली.

ऑपरेशन झालं, मग केमो सुरू झाली. इस्पितळ दोन तासांवर. एका हॉलमध्ये आरामखुर्च्या, प्रत्येकीला नळी. नर्स उबवलेली पांघरुणं आणून अंगावर टाकते. ते पांघरूण मागून घ्या, लाजू नका. मला "वॉर्म" हा शब्द तिथंच आला. शेजारच्या खुर्चीतल्या बाईच्या तीन बहिणी यायच्या, पत्ते खेळायच्या. मी त्यांच्यावरही जळले. खिडकीबाहेर गवत कापणाऱ्या माणसावर जळले, त्याला घाम येत होता म्हणून.

पण घरी आलं की खरं जळणं. माझ्या स्वयंपाकघरातला कुठलाही डबा ताईंना हुडकावा लागत नसे, हात घातला की सापडायचा. मीठ-मसाल्याच्या बरण्यांना त्यांनी चिठ्ठ्या लावल्या. यांना माझ्या हातची भाकरी लागते, ते आता म्हणत, "वहिनींची पोळी मऊ असते." आणि रेवती. अकरा वर्षांची पोर. तिचं शाळेतलं सगळं आता काकूला आधी कळायचं. मी इंग्रजी वाचू शकत नाही, काकू वाचते. मी पलंगावरून ऐकायची. स्वयंपाकघरात दोघी हसायच्या. मी हाक मारली की हसू थांबायचं, आणि रेवती दबकत यायची, जणू देवळात येतेय.

एकदा म्हटलं, "काय हसत होतात?"

"नथिंग, आई. तू झोप."

*

केस जायला लागले. उशीवर, ताटात, मोरीत. ताई म्हणाल्या, "काढूनच टाकू या गं सगळे. मशीन आणलंय." मी नाही म्हटलं. तुम्हाला कळेल का नाही, तुम्ही शिकलेल्या आहात. आमच्या गावाकडे डोकं काढलेली बाई म्हणजे नवरा गेलेली बाई. माझ्या लहानपणी तशी एक आजी होती, सकाळी ती समोर आली की माणसं वाट बदलायची. यांच्या जिवाला काही होईल, असं मनात बसलं. टक्कल होऊ दे हळूहळू, पण आपल्या हातानं काढायचं नाही.

"अगं, कुठल्या जमान्यातलं बोलतेस?" ताई म्हणाल्या.

"तुमचे केस आहेत, ताई. तुम्ही बोलाल."

त्यांनी मशीन परत पिशवीत ठेवलं. हे दारात उभे होते, ते म्हणाले, "राहू दे वहिनी. मला काही होत नाही, पण तिला वाटतंय ना." त्या दिवशी मला यांचा फार आधार वाटला. असं एखादं वाक्य येतं मधेच कुणाकडून. ते लक्षात ठेवा.

*

मग दिवाळी आली. आमच्याकडे मुलं दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला करतात, तुमच्याकडेही केला असेल. अमेरिकेत आल्यापासून मोटेलच्या मागच्या दारी मी आणि रेवती करायचो. हा एकच खेळ मला रेवतीपेक्षा चांगला येतो. माती कालवणं, गोणपाट टाकून उंच करणं, गवतासाठी मोहरी पेरणं. वर्षभरात तिला माझ्याकडून शिकण्यासारखं तेवढंच.

त्या वर्षी चौथ्या केमोनं मी आडवी होते. दुपारी जाग आली, खिडकीतून पाहिलं, तर दोघी किल्ला करत होत्या. आणि कसला? सपाट! समोरचा. झेंड्याचा खांब, बराकी, आगकाड्यांच्या पेटीचा दवाखाना. ताईंच्या कोपरापर्यंत चिखल. मी भिंत धरत मागच्या दारापर्यंत गेले.

"हा किल्ला नाही," मी म्हटलं.

"आई! तू उठलीस? बघ, धिस इज द हॉस्पिटल—"

"किल्ल्याला उंची लागते. बुरूज लागतात. माझ्याशिवाय कशाला केलात?"

"तू झोपली होतीस."

"मग थांबायचं!"

"किती थांबायचं?" रेवती म्हणाली. उद्धटपणानं नाही. खरंच विचारत होती.

ताई हात धुवायला उठल्या. मी तिथंच पायरीवर बसले. अंगात थंडी आणि आत आग. त्या रात्री जेवताना ताई यांना म्हणाल्या, "मी काय म्हणते, जानेवारीपासून रेवतीला आमच्याकडे ठेवू या का वर्षभर? शाळा चांगली आहे. कमलला विश्रांती मिळेल." हे म्हणाले, "वहिनी, तुमचे उपकार." माझ्याकडे कुणी बघितलं नाही. नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ज्यांनी बिलं भरली त्यांना नाही कसं म्हणायचं? मला वाटलं, पोर गहाण पडली.

*

ताई आणि रेवती शनिवारी किल्ल्यात जायच्या. तिथं हौशी लोक जुने कपडे घालून पाहुण्यांना त्या काळचं आयुष्य दाखवतात. ताई अधिकाऱ्याची बायको व्हायच्या. लांब निळा झगा, हातात पंखा. शोभायच्याही. रेवती त्यांची मुलगी व्हायची.

एका शनिवारी निघताना त्यांनी माझ्या पलंगावर एक टोपी ठेवली. पुढं आलेली झालर, मागं मानेवर कापड, हनुवटीखाली बंद. तिथल्या बायका उन्हात घालायच्या तशी. कापड ओळखलं. माझी जुनी सुती साडी, आईनं दिलेली, बॅगेत तळाशी होती.

"तुम्ही माझी बॅग उघडलीत?"

"मऊ कापड हवं होतं गं. डोक्याला टोचू नये म्हणून."

मी टोपी भिंतीकडे फेकली. त्या निघून गेल्या. तासाभरानं मी उठून ती उचलली, घातली. आरशात पाहिलं. टक्कल दिसत नव्हतं, कपाळावरचं कुंकू दिसत होतं. आणि मग, इतक्या वर्षांनी, मी रस्ता ओलांडला. धैर्यानं नव्हे. माझी पोर तिथं कुणाची मुलगी होऊन फिरतेय, ते बघायला.

तिकीट कुणी मागितलं नाही. टोपी बघून त्यांना वाटलं मी त्यांच्यातलीच. मी व्हरांड्याच्या कोपऱ्याला उभी राहिले. रेवती पाहुण्यांना काहीतरी सांगत होती, हात नाचवत, न घाबरता. माझ्या पोटची पोर इतकी बोलते! एक पाहुणी ताईंना म्हणाली, तुमची मुलगी किती छान बोलते. तेवढं इंग्रजी मला कळतं. ताई म्हणाल्या, "थँक यू." बस्स. पुतणी आहे, असं म्हणाल्या नाहीत. रेवतीनंही नाही म्हटलं नाही.

मी तिथंच खाली बसले. लोरेटानं धरलं आणि जुन्या दवाखान्यात नेऊन बाकावर बसवलं. लांब खोली, लोखंडी खाटा, ताणून घातलेल्या पांढऱ्या चादरी, आणि एकही आजारी नाही. मी त्या खाटांवरसुद्धा जळले.

रेवती धावत आली. पाठोपाठ ताई. लोरेटा माझ्या टोपीकडे बघून काही म्हणाली.

"ती म्हणते, तू लॉन्ड्रेस दिसतेस," रेवती म्हणाली. "म्हणजे परटीण. शिपायांचे कपडे धुणारी."

"हो ना," मी म्हटलं. "काकू साहेबीण आणि आई परटीण. बरोबर आहे."

रेवतीनं ते तसंच्या तसं इंग्रजीत सांगून टाकलं. पोरांना कुठं कळतं काय सांगायचं नसतं. लोरेटा हसली आणि माझ्याशेजारी बसली. मग ती एकेक वाक्य बोलली आणि रेवती सांगत गेली. "ती म्हणते, सैन्याच्या हजेरीच्या पटावर एकाच बाईचं नाव असायचं. लॉन्ड्रेसचं. तिला सरकारकडून शिधा, राहायला जागा. पगाराच्या दिवशी टेबलावरच तिचे पैसे वेगळे काढायचे, मग शिपायाच्या हातात उरलेले. अधिकाऱ्याच्या बायकोला यातलं काही नाही. पटावर नाव नाही. नवरा मेला तर घर सोड म्हणायचे. पाहुणीच ती."

मी ताईंकडे बघितलं. निळा झगा, पंखा मिटलेला. खोटं कशाला लिहू, मला फार बरं वाटलं. इतक्या महिन्यांत तसं बरं कुठल्या गोळीनं वाटलं नव्हतं.

*

रस्ता ओलांडताना मी विचारलं, "ताई, तुम्ही तिला पुतणी आहे म्हणाला नाहीत."

त्या थांबल्या. "नाही म्हणाले. एका मिनिटापुरतं नाही म्हणाले." मग चालायला लागत म्हणाल्या, "आमचा ओंकार लांब सनीव्हेलला आहे, तुला माहीत आहे. मी त्याला चार ओळी लिहिते. तो अंगठ्याचं चित्र पाठवतो."

मला हसू आलं. "ताई, चौथी शिकलेली मी सही करते. आणि तुमचा इंजिनीअर मुलगा आईला अंगठा देतो?"

त्या आधी चिडल्या, मग हसल्या, मग डोळे पुसले. मी हात धरला नाही. अजून तेवढी मोठी झाले नव्हते. पण तेव्हाच म्हटलं, "रेवती कुठं जाणार नाही. आणि बिलांचे पैसे मी फेडीन. सगळे."

"वेडी आहेस का? घरात कुणी फेडतं का?"

"फेडल्याशिवाय मला तुमच्याकडे नीट बघता येणार नाही."

घरी आल्यावर यांचा आवाज चढला, ताई रडल्या. मधेच रेवती ओरडली, "मला कोणी विचारलंच नाही!" हे म्हणाले, "मग सांग, बाळा. जायचंय?"

"जायचं होतं," ती म्हणाली. "इथं औषधाचा वास येतो. आणि आई मरेल तेव्हा मला इथं असायचं नव्हतं." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आर यू? तू मरणार नसशील तर मला नाही जायचं."

इतक्या महिन्यांत कुणी हे विचारलं नव्हतं, ना मी, ना हे. मी म्हटलं, "मला माहीत नाही गं. डॉक्टरीण म्हणते बहुतेक नाही." तिनं विचार केला. "ओके," म्हणाली. "मग मी इथं." आणि माझ्या पलंगावर येऊन झोपली, पाय माझ्या पोटावर टाकून. दुखलं. हलवले नाहीत.

तुमच्या घरी मुलं असतील तर खरं सांगा. ती दबकत चालतात ती आजाराला नाही, आपल्या गप्प बसण्याला.

*

केमो संपली, रेडिएशन झालं. ताई शुगर लँडला परतल्या. केस आले, आधीपेक्षा कुरळे. जरा ताकद आल्यावर मी लोरेटाकडे गेले, रेवतीला न घेता. "आय वॉश," मी म्हटलं. किल्ल्यातले लोकरी कोट, झगे, परकर धुऊन-इस्त्री करायचं काम त्यांनी मला पैसे देऊन दिलं. मोटेलच्या चादरींच्या जोडीला ते. उजव्या हाताला अजून सूज येते, म्हणून डाव्यानं पिळायला शिकले.

दर महिन्याला ताईंना चेक जायचा. पहिला त्यांनी बँकेत घातला नाही. मी फोन केला, मी, जिला फोनवर बोलता येत नाही. "ताई, घातला का?" "घालते गं." "आज घाला." मग दर महिन्याला तोच फोन. हळूहळू त्यापुढे आणखी चार वाक्यं यायला लागली. ओंकारनं आठवड्यातून एकदा बोलायला सुरुवात केली होती. आता म्हणे आईचा फोन लांबतो, म्हणून तो कुरकुरतो.

या वर्षी किल्ल्यात पगाराचा दिवस करून दाखवला. ताईही आल्या होत्या, निळा झगा घालून व्हरांड्यात. मैदानात टेबल, टेबलावर पट, शिपायांची रांग. पगार वाटणाऱ्यानं सगळ्यांआधी माझं नाव पुकारलं. कमल! लोकांसमोर माझं नाव इतक्या मोठ्यानं कधी कुणी घेतलं नव्हतं. मी साडीच्या कापडाची तीच टोपी घालून पुढं गेले. पत्र्याची नाणी घेतली. मग तशीच व्हरांड्याच्या पायऱ्या चढले आणि परकराच्या खिशातून शेवटचा चेक काढून ताईंच्या हातात ठेवला.

त्यांनी तो बघितला. "संपले?"

"संपले."

"आता मला यायला कारण नाही राहिलं, कमल."

त्या हसत म्हणाल्या, पण हसत नव्हत्या. मी पायऱ्या उतरले. जळणं पूर्ण गेलं असं समजू नका. रेवती तेव्हा त्यांच्या झग्याची लेस नीट करत होती आणि मला तिथंही टोचलंच. पण आता ते टोचणं मी ओळखते. येतं, थोडं बसतं, जातं.

चार दिवसांनी मीच फोन केला. "ताई, दिवाळीला या. किल्ला करायचाय." आजवर मी त्यांना कधी बोलावलं नव्हतं. त्या आपणहून यायच्या, मी सोसायची. ज्याचं देणं आहे त्याला बोलावता येत नाही.

"कसला किल्ला?" त्यांनी विचारलं. "सपाट का उंच?"

"उंच. माती मी कालवीन. दवाखाना तुम्ही करा." मग नेहमीचं विचारलं, "घातला का चेक?"

"घातला गं बाई, परवाच घातला."

रेवतीनं मागून यांच्या फोनमध्ये बँकेचं खातं बघितलं आणि म्हणाली, "क्लिअर झाला, आई. सगळे पैसे फिटले."